बुडालेल्या डोंगराची साक्ष

दिलदार शिकलगारनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरीही समुद्राच्या बुडाशी धुमसणारा डोंगर कसा असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, अशी त्याची पक्की समजूत होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत भट्टीपुढं उभा राहत आला होता. लोखंडाचा रस कसा उसळतो, डोळे दिपवत साच्यात कसा उतरतो, आणि ओल्या वाळूवर त्याचा ठिपका जरी सांडला तरी कसा धडाडून उडतो, हे त्याला पाठ होतं. ज्वालामुखी म्हणजे याच्याहून काय वेगळं असणार? मोठी भट्टी, एवढंच. धंद्यातलं एखादं उदाहरण हाताला लागलं की माणूस पुढचा विचार करायचं सोडून देतो, आणि दिलदारचंही तेच झालं होतं.

त्याचा एकुलता मुलगा साद त्या भट्टीत गेला, असं दिलदार मानून चालला होता. त्याची बायको नजीरा मात्र साद कुठंतरी जिवंत आहे असं मानून चालली होती. यादवनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात ही दोन मतं उन्हाळ्यापासून एका ताटात जेवत होती, आणि दोघांच्या मध्ये अर्शी, सादची बायको, चक्कीतल्या दाण्यागत भरडून निघत होती.

अर्शी नेसरीची. डी. फार्म झालेली, धीट, हिशेबी पोरगी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा समुद्रात बेपत्ता झाला. तिच्या बापाचं म्हणणं होतं की मुलीनं इद्दत पाळावी, म्हणजे नवऱ्यामागं बायकोनं जे दिवस धरायचे ते धरावेत, आणि मग माहेरी येऊन नव्यानं आयुष्य सुरू करावं. त्यात काही चुकीचं नव्हतं. पण इद्दत धरायची तर नवरा गेला हे आधी ठरायला हवं. मोहल्ल्यातल्या मौलानांनी दिलदारला सरळ सांगितलं होतं, "डोळ्यानं बघितलेला माणूस आणा. त्यानं घरात बसून साक्ष द्यावी, घरच्यांनी मानावी. मग फातेहा करू, त्याच्यासाठी दुवा मागू, पोरीची इद्दत सुरू करू. नुसत्या अंदाजावर मी कुणाला विधवा करणार न्हाय."

आणि नजीरा मानत नव्हती. सुनेच्या हातात तिनं नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, तिच्या बापाला दोनदा दारातनं परत पाठवलं होतं. कुणी समजूत घालायला गेलं की तिचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "संघप्रियानं सांगितलंय, तिथं जीव जगत्यात."

संघप्रिया म्हणजे नागसेन कांबळेची मुलगी. नागसेन कबनूरचा, भट्टीवर दिलदारचा जोडीदार. दोघांनी मिळून रसाची जड डोलची वर्षानुवर्षं उचलली. नागसेन गेल्यावरही पोरीनं या घराचं येणं-जाणं तोडलं नाही. ती शिकत शिकत समुद्राच्या अभ्यासाच्या एका संस्थेत शास्त्रज्ञ झाली, आणि अंदमानाजवळच्या एका पाण्याखालच्या ज्वालामुखीवर जगणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करू लागली. साद आयटीआय करून रिकामा हिंडत होता, तेव्हा तिनंच त्याला जहाजावरच्या विंचवर, म्हणजे तारेचा दोर खालीवर करणाऱ्या रहाटावर, काम मिळवून दिलं. साद घरी फोटो पाठवताना चेहऱ्यापेक्षा रहाटच मोठा काढायचा. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेला पोरगा समुद्रावर गेला म्हणून दिलदारनं सगळ्या फाउंड्रीला पेढे वाटले होते.

मग उन्हाळ्याच्या शेवटी बातमी आली. त्या डोंगराच्या वरच्या पाण्यात मोजमापासाठी तळाशी सोडलेलं एक यंत्र तरंगत वर आलं होतं. ते आणायला साद आणि केरळचा एक खलाशी रबरी नावेतनं गेले, तेवढ्यात डोंगर जागा झाला, आणि दोघंही बेपत्ता. फोनवरच्या माणसानं "ज्वालामुखी" एवढा शब्द उच्चारला आणि दिलदारच्या डोळ्यांपुढं भट्टीचं दार उघडलं. पुढचं त्यानं ऐकलंच नाही.

अपघाताच्या वेळी संघप्रिया जहाजावरच होती. त्याच आठवड्यात तिचा फोन आला. तो नजीरानं घेतला. तिनं विचारलं, "बेटी, तिथं जित्ता जीव राहू शकतो का गं?" संघप्रिया रडत होती. तिला बिचारीला या प्रश्नाचं एकच उत्तर माहीत होतं, कारण आयुष्यभर तिनं तेच शोधलं होतं. ती म्हणाली, "राहत्यात चाची, लई जीव राहत्यात." नजीरानं फोन ठेवला, डोळे पुसले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा भाकरीचा तुकडा मोडला. तो तुकडा बघून दिलदारनं तोंड मिटलं. म्हटलं, जेवतेय ना, जेवू दे. चार दिवसांनी आपोआप उतरेल डोक्यातनं.

उतरायचं नाव नाही. शेजारच्या शालूबाईनं तर भरच घातली. मोबाईलवर तिनं कुठंतरी बघितलं होतं की बुडालेल्या जहाजात एक माणूस हवेच्या कोपऱ्यात बसून जिवंत राहिला होता. नजीरानं तिच्याकडनं ते चारदा बघून घेतलं. सादचे कपडे धुऊन इस्त्रीला जायला लागले. बायका मान डोलवायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यांना सांगायच्या की नजीरा पार कामातनं गेली.

अर्शीला मात्र दिलदारनं वेगळं सांगितलं होतं. एकदा ती मोरीपाशी पाण्याचा नळ तसाच सोडून उभी होती. बादली भरून वाहत होती आणि तिला पत्ता नव्हता. दिलदारनं नळ बंद केला. ती म्हणाली, "अब्बा, त्यांना लई त्रास झाला असंल का हो?" त्यावर दिलदार भट्टीची शपथ घेऊन बोलला, "पापणी मिटायच्या आत, पोरी. त्या रसापुढं माणूस म्हणजे काय? कळायलासुदीक वेळ मिळत न्हाय. मी आयुष्य काढलंय त्याच्यापुढं, मला ठाव हाय." अर्शी तिथंच खाली बसून रडली, आणि त्या दिवसापासून सावरली. तिनं मनानं नवऱ्याला निरोप दिला होता. बांगड्या ती सासूच्या समाधानासाठी वागवत होती, एवढंच.

तर आता अडलं होतं ते नजीरापाशी. थंडी पडायला लागली, नेसरीहून तिसऱ्यांदा फोन आला, आणि दिलदारनं ठरवलं की हे असं चालायचं नाही. त्यानं संघप्रियाला फोन लावला. "तू एकदा ये बाई," तो म्हणाला. "तू बघितलंयस. तू बोललीस तरच ही मानंल. मुलगा तर ग्येला, पण ही पोरगी जित्ती हाय. तिला मोकळी करायची हाय मला." संघप्रिया म्हणाली, "येते चाचा. सोमवारी येते."

सोमवारी फाउंड्रीला सुट्टी. संघप्रिया स्टँडवरनं रिक्षा करून आली. वाळली होती, आणि डोळ्यांखाली काळं धरलं होतं. नजीरानं तिला असं कवटाळलं की पाहणाऱ्याला वाटावं सादच आला. मटण शिजवलं होतं, भात होता, आणि आग्रह तर विचारू नका. "खा की गं, आणि घे की," असं करत नजीरानं तिला जेवू घातलं, आणि समोरचं ताट उचलल्या उचलल्या पदराला हात पुसत म्हणाली, "आता सांग. कसा हाय त्यो डोंगर?"

दिलदार भिंतीला टेकून बसला. अर्शी आतल्या दारात उभी राहिली. संघप्रियानं एकदा दिलदारकडं बघितलं आणि सुरुवात केली. शिकलेल्या माणसाला अवघड काही बोलायचं असलं की तो पृथ्वीच्या जन्मापासून सुरू करतो, तसंच तिनं केलं.

"चाची, समुद्राच्या तळाला जमिनीचं एक मोठं फळकूट हाय, ते दुसऱ्या फळकुटाखाली शिरतंय," ती दोन्ही पंजे एकाखाली एक सरकवत म्हणाली. "लई सावकाश. नखं वाढावीत तसं. पण जाताना ते कोरडं जात न्हाय, दगडात मुरलेलं पाणी घेऊन जातं. खोलवर गेलं की ते पाणी सुटतं, आणि त्याच्यामुळं वरचा दगड पाघळतो."

"पाण्यानं दगड पाघळतो?" दिलदारला राहवलं नाही. भट्टीवाल्याचा पाण्यावर आधीच राग.

"व्हय चाचा. भट्टीत तुम्ही चुनखडी टाकता की न्हाय, मळी पातळ व्हायला? तसं समजा. पाणी मिसळलं की दगड कमी उष्णतेला वितळतो. मग त्यो रस वर येतो, तळ फोडून बाहेर पडतो. थरावर थर चढत डोंगर होतो. आमचा डोंगर बुडापासनं मोजला तर पन्हाळ्यावर पन्हाळा ठेवावा एवढा हाय. माथा पाण्याच्या आत, पण फार खाली न्हाय."

"आणि रस पाण्यात आला की धडाका," दिलदार म्हणाला.

"कवा कवा. पण बहुतेक वेळा न्हाय. पाणी लागलं की वरची साल लगेच गोठते, काचेगत काळी होते. आत रस तसाच. मग साल फुटते, दुसरा गोळा बाहेर येतो. उशा रचून ठेवल्यागत दिसतं. आग दिसतसुदीक न्हाय."

हे दिलदारला काही पटलं नाही. रस गोठतो म्हणे! पण आज वाद घालायचा दिवस नव्हता.

"आणि जीव?" नजीरानं विचारलं. तिला दगडांशी देणंघेणं नव्हतं.

संघप्रियानं पाणी पिऊन घेतलं. "माथ्यावर भेगा हायत. त्यातनं गरम पाणी येतं, गंधकाचं. त्यात विषारी वायू असतो. पण काही जंतू असे हायत, की त्यो विषारी वायूच त्यांचं अन्न. ऊन लागत न्हाय, काय न्हाय. दगडावर त्यांची पांढरी साय धरते. ती साय खाणारे झिंगे हायत, शिंपले हायत. आणि भेगाभेगांतनं खेकडे. हजारांनी. एवढे दाट, की दगड दिसत न्हाय."

"बगा," नजीरा दिलदारकडं वळून म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "बगा, मी काय म्हणत हुतो? विषात बी जगत्यात. अल्लाची करणी. मला दाव की गं ते. हाय का तुझ्याकडं?"

संघप्रियानं लॅपटॉप आणला होता. का आणला होता, कोण जाणे. कदाचित तिलाही वाटलं असावं की आपल्या तोंडून निघणार नाही, ते चित्रानं सांगितलेलं बरं. तिनं तो पाटावर ठेवला. दोराला कॅमेरा बांधून खाली सोडून घेतलेलं ते चित्रण होतं, अपघाताच्या आधीचं. दोर सोडणारा साद होता, हे मात्र ती बोलली नाही.

पडद्यावर आधी नुसतं हिरवट पाणी. मग खालून काळा कातळ वर आला. त्यावर पांढरी साय, मध्ये पिवळे गंधकाचे गोळे, आणि एका भेगेतनं दुधागत पाणी फसफसत बाहेर येत होतं. भेगेच्या तोंडाशी खेकडे दाटीवाटीनं बसले होते. अंगठ्याच्या पेराएवढे, फिकट करडे, न हलता बसलेले.

"हे असंच बसत्यात?" नजीरानं विचारलं.

"बहुतेक वेळ."

"खात्यात काय मग? ती साय?"

"ती बी खात्यात," संघप्रिया म्हणाली आणि तिचा हात चित्र थांबवायला पुढं गेला. नजीरानं तिचं मनगट धरलं. "बघू दे की. घाई काय हाय?"

पाण्याचा प्रवाह मंदावला असावा, कारण दुधट पाणी आता तिरपं न वाहता सरळ वर चढायला लागलं. वरून एक लहान चंदेरी मासा पोहत आला. त्या दुधट पाण्याच्या वर आला आणि अडखळला. दोन गिरक्या घेतल्या, उताणा झाला आणि सावकाश खाली पडायला लागला. त्याच्या मागून दुसरा, मग बारीक बारीक मेलेले पुष्कळ जीव, पांढरे, भुरूभुरू. आणि इतका वेळ दगड होऊन बसलेले खेकडे उठले. प्रत्येक भेगेतनं उठले. सगळ्या कातळाला पाय फुटले. मासा तळाला टेकतो न टेकतो तोच त्याच्यावर त्यांचा ढीग झाला, आणि ढीग हलला तेव्हा खाली मासा नव्हता.

बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत चालला होता.

दिलदारला वाटलं, उठावं आणि ते यंत्र मिटावं. हेच ऐकवायला त्यानं संघप्रियाला बोलावलं होतं, तरी त्याला आता ते नको झालं. नजीराचं तोंड त्याला बघवेना. पण तो उठला नाही.

"वरनं पडंल ते," नजीरा म्हणाली.

"व्हय चाची."

"पडंल ते समदं?"

संघप्रियानं मान खाली घातली. "व्हय."

नजीरानं तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं. आता सोडलं. मग तिच्या घशातनं एक आवाज आला. तो रडण्याचा नव्हता आणि हाक मारल्याचाही नव्हता. तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती पुढं वाकत वाकत कपाळ जमिनीला टेकवून बसली. सहा महिने अडवून धरलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. संघप्रिया तिच्या पाठीवर हात ठेवून स्वतःच रडत होती. "मी तवाच सांगायला पायजे हुतं चाची. मला धीर झाला न्हाय," असं काहीबाही बोलत होती. दिलदारच्याही डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या. बायकोचं दुःख बघून त्याचं काळीज फाटत होतं, आणि त्याच वेळी आत कुठंतरी हलकंही वाटत होतं, आणि त्या हलकं वाटण्याची त्याला लाज वाटत होती.

बऱ्याच वेळानं नजीरा उठून बसली. चेहरा एवढ्यात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"मौलानांना बोलवा," ती दिलदारला म्हणाली. "फातेहा करा. नेसरीला फोन करा, म्हणावं या. माझं पोर ग्येलं. ह्या पोरीचं वाटोळं नगं व्हायला आता."

दिलदार एवढ्यावर थांबला असता तर सगळं त्याच्या मनासारखं झालं असतं. साक्षीदार घरात होता, घरच्यांनी मानलं होतं. पण बायकोला असं रिकामं होऊन बसलेलं बघवेना, आणि तिच्या हातात काहीतरी द्यावं असं त्याला वाटलं. जवळ होतं ते एकच, अर्शीला दिलेला दिलासा.

"ऐक, नजीरा," तो पुढं सरकत म्हणाला. "खेकडं-बिकडं मनात आणू नगंस. तिथवर काय गेलंच नसंल. रस उसळला की पापणी मिटायच्या आत समदं संपतं. त्याला कळलंसुदीक न्हाय. व्हय की न्हाय संघप्रिया? तू बघितलंयस. सांग तिला."

संघप्रियानं डोळे पुसले आणि त्याच्याकडं बघितलं. एकदा बरं वाटावं म्हणून बोललेल्या वाक्यानं काय केलं, ते तिच्यासमोर जमिनीवर बसलं होतं. तेच परत करायची तिची छाती नव्हती.

"रस नव्हता चाचा," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी डोंगरानं रस टाकलाच न्हाय. नुसता वायू सुटला. पाणी पांढरं झालं, उकळल्यागत दिसत हुतं, पण ते उकळणं नव्हतं, फेस हुता. हात घातला असता तर गारच लागलं असतं. फेसावर नाव तरत न्हाय. खाली हवाच असते निम्मी. नाव होती तशी सरळ खाली बसली." ती थांबली. कुणीतरी पुरे म्हणेल म्हणून थांबली असावी. कुणी म्हटलं नाही. "केरळचा पोरगा नावेबरोबरच ग्येला. साद फेसाच्या कडंला पडला. त्यो पवत हुता."

"पवत हुता," दिलदार म्हणाला. हे दोन शब्द त्यानं असे उच्चारले, की ते त्याला कुठल्या परक्या भाषेतले वाटावेत.

"जहाजाकडं येत हुता. आम्ही दोर टाकले, पोचले न्हाईत. जहाज जवळ न्यायचं तर जहाज बी बसलं असतं. फेस पसरत हुता, त्यो हात मारत हुता. मधनंच खाली जायचा, परत वर यायचा. मग पाण्यावर वायूचा ढग आला. आमचे डोळे जळायला लागले, श्वास घेता येईना. आम्हाला मागं सरावं लागलं. ढग विरला तवा पाणी निळं झालं हुतं. आम्ही तीन दिवस हिंडलो चाचा. जॅकेट न्हाय, चप्पल न्हाय, काय मिळालं न्हाय."

दिलदारच्या डोक्यातली भट्टी एकदम विझली. तिच्या जागी गार, पांढरं पाणी आलं आणि त्यात हात मारणारा त्याचा पोरगा. सहा महिने त्यानं त्या आगीचा आधार घेतला होता. किती मोठा आधार होता तो, हे त्याला आत्ता कळलं. पंचगंगेत पोराला पोटाखाली हात धरून त्यानंच शिकवलं होतं, घाबरू नकोस, हात मारत राहा, पाणी तुला धरतंय. समुद्रातलं ते फेसाळ पाणी त्याला धरणार नव्हतं. आणि पोरगा हात मारत राहिला.

"किती वेळ?"

हे अर्शी बोलली. ती दारातच उभी होती. सगळे तिला विसरून गेले होते.

"अर्शी, आत जा पोरी," दिलदार म्हणाला.

"किती वेळ पवत हुते?"

"लई वेळ," संघप्रिया म्हणाली.

अर्शी पुढं आली आणि सासऱ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "अब्बा, तुम्ही म्हणाला हुता पापणी मिटायच्या आत."

"मला तसंच वाटलं हुतं गं." दिलदारला तिच्याकडं मान वर करून बघता येईना. "माझ्या भट्टीवरनं मी धरून चाललो. मी काय समुद्र बघितलाय?"

"मी त्याच्यावरच ते गेले असं मान्य केलं हुतं."

"व्हय पोरी."

ती संघप्रियाकडं वळली. "तुम्ही त्यांना बुडताना बघितलं?"

"वायूचा ढग आला. दिसत नव्हतं."

"मेलेलं बघितलं?"

"न्हाय. पण अर्शी, तिथं..."

"कुणी बघितलं?"

"कुणी न्हाय."

अर्शीनं मान हलवली, औषधाच्या दुकानात गिऱ्हाईकाची चिठ्ठी वाचून हलवावी तशी. "म्हणजे तुम्ही बघितलं तवर ते पवतच हुते," ती म्हणाली. "अब्बा, मौलानांना बोलवू नका. आणि माझ्या बाबांना सांगा, येऊ नका म्हणावं."

"येडी झालीस का?" नजीरा जमिनीवरनं ओरडली आणि गुडघ्यांवर सरकत तिच्याकडं आली. तिनं सुनेचे दोन्ही हात धरले. सहा महिने जिनं या पोरीला निजायलासुद्धा बांगड्या काढू दिल्या नव्हत्या, तीच आता पदर पसरत होती. "अगं ग्येला त्यो. मी त्याची आई सांगतोय तुला. तू बघितलंस न्हवं आत्ता? काय शिल्लक राहतंय तिथं? तुझं वय काय, तुझा जन्म जायचाय."

"अम्मी, तुम्ही वाट बघितलीसा, तवा मी तुम्हाला काय बोलले का?"

"मी चुकलो, बाई. मी पायाशी पडतो तुझ्या. तुला काय पायजे ते मागून घे, पर हे नगं."

अर्शीनं तिला उठवलं, भिंतीशी टेकवून बसवलं, तिचा सुटलेला पदर नीट केला. मग तीही शेजारी बसली. आता तिचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"जळून गेलेल्या माणसाची इद्दत मी धरली असती, अब्बा. उद्याच धरली असती. पवत असलेल्या माणसाची कशी धरू?"

संघप्रिया लॅपटॉप मिटायला गेली, तर तो हात अर्शीनं बाजूला केला. तिनं चित्र मागं नेलं, हिरवट पाण्यापाशी आणलं, आणि गुडघ्याला हनुवटी टेकवून बघायला लागली. नजीरा तिच्या खांद्याला धरून हलवत होती, "बस्स कर, बस्स कर" म्हणत होती. पोरीला धीर देईल असं काही, खोटंसुद्धा, दिलदारपाशी उरलं नव्हतं.